‘आधी हमीभाव, बाकीचं मग’ म्हणणाऱ्यांना

आंदोलनाचे दिवस आले की शेतकऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक मजकूर फिरतोच: जात आणि बाई हे विषय काढले की शेतकरी फुटतो, आधी हमीभाव पदरात पाडून घेऊ, घरातलं मग पाहू. तो पुढं ढकलणारे बहुतेक आपलेच कार्यकर्ते, म्हणून उत्तर देणं भाग आहे.

मुळात बाई हमीभावाच्या बाहेर आहेच कुठं? केंद्र सरकार हमीभाव काढताना बियाणं, खत, मजुरी हा खर्च धरतं आणि त्यात घरच्या माणसांच्या बिनमजुरीच्या कष्टाची किंमतही मिळवतं. घरची माणसं म्हणजे कोण? निंदणाला वाकलेली, कमरेला ओटी बांधून कापूस वेचणारी बायको त्यांत आलीच की. भाव मागताना तिचे कष्ट मोजायचे, अन् तिनं सातबाऱ्यावर नाव मागितलं की तिनं फूट पाडली! स्वामिनाथन आयोगाचा खर्चाच्या दीडपट भाव सगळ्यांना तोंडपाठ. त्याच स्वामिनाथन यांनी २०१२ मध्ये राज्यसभेत महिला शेतकऱ्यांच्या हक्कांचं खासगी विधेयक मांडलं होतं, ते मात्र भाषणांत येत नाही.

‘हे शहरी खूळ आहे’ असंही त्या मजकुरात लिहिलेलं असतं. शेतकरी संघटनेनं १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी महिलांचं अधिवेशन भरवलं, पुढं ‘लक्ष्मी मुक्ती’ मोहिमेत बायकोच्या नावावर जमीन करायला सांगितलं. भावाची लढाई चालू असतानाच. संघटना काही त्यानं बुडाली नाही.

राहिली जात. निवडणुकीच्या तोंडावर जात उकरून काढणारे आहेत, नाही असं नाही. पण खैरलांजी आठवा. २९ सप्टेंबर २००६, भंडारा जिल्हा. भोतमांगे या दलित कुटुंबातल्या चौघांना मारलं. त्यात आई होती, मुलगी होती. आधीपासूनचा वाद त्यांच्या शेतजमिनीचा अन् तिच्यातून जाणाऱ्या रस्त्याचा. भोतमांगे शेतकरीच होते ना? मग तो प्रश्न कोणाचा होता?

आणि भूमिहीन मजूरदारीण? तिनं वेचलेला कापूस संध्याकाळी काट्यावर चढतो, किलोमागं वेचाई हातात पडते. भाव वाढला म्हणून वेचाई आपोआप वाढत नाही. मोर्चाला मात्र ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत तीच हवी असते.

‘मग पाहू’ची तारीख कोणी सांगत नाही. तोवर मागण्यांच्या पत्रकात हमीभावाच्या ओळीखालीच वेचाईचा दर आणि सातबाऱ्यावर बाईचं नाव, एवढं लिहा. फुटतं कोण, ते सभेतच दिसेल.