केबल टाईट करून भागलं असतं म्हणणाऱ्या सरांना गॅरेजकडून उत्तर

नमस्कार सर,

गाडी संध्याकाळी देतो म्हणालो आणि दुसऱ्या दिवशी दुपारी दिली, त्याबद्दल मनापासून सॉरी, तुमचं काम अडलं हे मान्य. पण एक स्टार देऊन तुम्ही खाली लिहिलंय की साधी केबल टाईट करून भागलं असतं, यांनी उगाच गिअरबॉक्स उतरवला आणि अख्खा क्लच सेट गळ्यात मारला, काढलेली क्लच प्लेट तर चांगली जाड होती. हे चार लोक वाचतात सर, आणि त्यावरच आमचं घर चालतं, म्हणून जरा सविस्तर लिहितोय, राग मानू नका.

केबलचंच आधी बोलतो कारण तेच मनाला लागलंय. क्लच स्लिप होत असताना, म्हणजे इंजिन जोरात फिरतं पण गाडी तेवढी ओढत नाही तेव्हा, केबल टाईट केली तर स्लिप वाढतं सर, कमी होत नाही!! ज्या मित्राने तुम्हाला हे सांगितलं त्यांना एकदा विचारून बघा. केबल टाईट करतात ती गिअर टाकताना खरखर होत असेल, क्लच पूर्ण सुटत नसेल तेव्हा. स्लिपला उलटं, केबल ढिली करावी लागते. कारण प्लेट झिजत जाते तसे प्रेशर प्लेटचे (क्लच प्लेट दाबून धरणाऱ्या भागाचे) फिंगर, म्हणजे स्प्रिंगच्या पट्ट्या, रिलीज बेअरिंगच्या (पेडल दाबल्यावर त्यांना ढकलणाऱ्या बेअरिंगच्या) बाजूला सरकत येतात, त्यामुळे पेडलची मोकळी चाल म्हणजे फ्री प्ले हळूहळू कमी होतो, आणि तो संपला की बेअरिंग कायम फिंगरवर टेकून राहतं, म्हणजे तुमचा पाय पेडलवर नसला तरी क्लच थोडा दाबलेलाच. (हे केबलवाल्या गाड्यांचं सांगतोय, तुमची केबलचीच आहे. हायड्रॉलिक, म्हणजे केबलऐवजी द्रवाच्या दाबावर चालणारी असती तर तो दाब पोचवणारे मास्टर सिलेंडर आणि स्लेव्ह सिलेंडर बघितले असते, तिकडे प्रेशर परत सुटत नसेल तरी असंच होतं.)

आणि हे आम्ही बघितलंच नाही असं नाही. गाडी आत घेतल्यावर सगळ्यात आधी फ्री प्लेच मोजला, तो कमी होता, केबल ढिली करून बरोबर केला. मग तुम्हाला शेजारी बसवूनच राऊंड मारला. टॉप गिअरला कमी स्पीडवरून ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला तर आरपीएम सरळ वर आणि गाडी तिथल्या तिथे, वर जळका वास. तुम्ही तेव्हा फोनवर बोलत होता, पण काच मात्र तुम्हीच खाली केली. परत आल्यावर हँडब्रेक ओढून, चौथा गिअर टाकून क्लच सोडला, चांगला क्लच असेल तर इंजिन लगेच बंद पडतं. तुमचं चालूच राहिलं. ही टेस्ट एकदाच करायची असते, सारखी केली तर उरलीसुरली प्लेट पण जळते, म्हणून तुम्ही परत दाखवा म्हणालात तेव्हा मी नाही म्हणालो. त्यात लपवण्यासारखं काय होतं?

आता प्लेट जाड होती हे. होतीच जाड, मी कुठे नाही म्हणतोय. झिजलेली प्लेट तिचं मटेरियल धरून ठेवणाऱ्या रिव्हेटवरून कळते, रिव्हेटचं डोकं वरच्या मटेरियलपासून ०.३ मिमीच्या आसपास आलं की बऱ्याच गाड्यांमध्ये ती बदलायची वेळ झाली समजतात, तुमची तिथपर्यंत आलेली नव्हती. पण ती ऑइलने भिजली होती, म्हणून घसरत होती. इंजिनचं मागचं क्रँक ऑइल सील, म्हणजे इंजिनचं ऑइल आत अडवणारी रिंग, गळत होतं. गिअर ऑइल नव्हतं ते, त्याचा वास उग्र असतो, लगेच ओळखू येतो. भिजलेली प्लेट पेट्रोलने धुऊन परत बसवणारे पण आहेत, पण मुरलेलं ऑइल गरम झाल्यावर परत बाहेर येतं आणि तुम्ही परत माझ्याच दारात. आणि सील न बदलता नुसती नवीन प्लेट टाकली असती तर तीही भिजली असती. हे सील गिअरबॉक्स खाली आल्याशिवाय दिसतच नाही, त्यामुळे सकाळच्या अंदाजात ते नव्हतं आणि बिलात आलं. फोटो पाठवले होते, फोनही केला होता, तुमचा "करा" असा मेसेज आहे माझ्याकडे.

उशीरही तिथेच झाला. फ्लायव्हीलवर, म्हणजे क्लच प्लेट ज्यावर घासते त्या इंजिनच्या जड चाकावर, निळे डाग पडले होते, ते जास्त तापल्याचे. तुम्हीच लिहिलंय ना की महिनाभर स्लिप होत होतं तरी चालवत होतो? मग ते तापणारच. तसंच नवीन क्लच चढवला असता तर गाडी उचलताना थरथरली असती, म्हणून फ्लायव्हील घासून सपाट करायला लेथला पाठवलं आणि तिथे नंबर लागला. घाई करून बोल्ट आवळून देता आली असती गाडी, जमलं नाही ते माझ्याच्याने.

आणखी एक, बोलणार नव्हतो पण बोलतो. राऊंडवरून येताना तुम्ही चालवत होता तेव्हा डावा पाय पूर्ण वेळ पेडलवर होता आणि चढावर गाडी ब्रेकवर न धरता हाफ क्लचवर धरली होती. ऑइलचा दोष तुमचा नाही, पण नवीन सेटवर तरी तेवढं सांभाळा.

आमच्याकडून पण काही गोष्टी सुधारतोय. गिअरबॉक्स उतरवायचं काम असेल तर वेळ आधीच जास्तीची सांगायची असं पोरांना बजावलंय, अंदाज पण लिहून द्यायचा विचार चालू आहे, बघू.

जुनी प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग आणि सील सगळं पिशवीत बाजूला ठेवलंय, तुम्ही नको म्हणाला होता तरी ठेवलंय. मित्रालाही घेऊन या, प्लेटला हात लावून बघू दे. साधारण ५०० किमी झाले की तसाही फ्री प्ले एकदा चेक करावा लागतो, त्याचे पैसे घेत नाही. फक्त येण्याआधी फोन करा, म्हणजे रॅम्प रिकामा ठेवतो.