ज्यांचा मूड जातो त्यांच्यासाठी

आज सकाळी घरच्या ग्रुपवर सहलीचं ठरत होतं. कुठे जायचं, गाड्या कोणाच्या, किती वाजता निघायचं, नेहमीचंच. मधेच माझ्या एका काकांनी लिहिलं, ‘या वेळी जरा मोकळेपणाने जाऊ. तिच्या खाण्याच्या भानगडीत मागच्या वेळी सगळ्यांचा मूड गेला. एक दिवस राहिली घरी तर काय बिघडतंय?’

तिच्या म्हणजे माझ्या लेकीच्या. ती पंधरा वर्षांची आहे आणि त्याच ग्रुपमध्ये आहे. मी उत्तर टाइप करेपर्यंत तिचाच मेसेज येऊन पडला. ‘हो आजोबा, तुम्ही सगळे जा. मला तसाही अभ्यास आहे.’ पुढे हसरा चेहरा.

तो हसरा चेहरा बघून माझं डोकं फिरलं. काकांचं वय, त्यांचा मान, त्यांनी आमच्यासाठी केलेलं सगळं मला मान्य आहे. म्हणून तिथे काही बोललो नाही. पण गप्पही बसवत नाही, म्हणून इथे लिहितोय. घरातले बरेचजण इथे आहेत, वाचतील.

‘मागच्या वेळी मूड गेला’ म्हणजे नेमकं काय झालं होतं ते आधी सांगतो, कारण त्या दिवशी असलेल्यांपैकी निम्म्यांना ते धड माहीत नाही. ते बाहेर गाडीपाशी उभे होते.

लेकीला काजू आणि पिस्त्याची अ‍ॅलर्जी आहे. दोन्ही एकाच कुळातले, त्यामुळे एकाची असली की बहुतेक वेळा दुसऱ्याचीही असते. त्या दिवशी दिवसभर चालणं झालं, चढही बराच होता. परतताना सगळ्यांनी आइस्क्रीम घेतलं. तिने साधं व्हॅनिला घेतलं. थोड्या वेळाने ती कोणाला काही न सांगता उठली आणि टॉयलेटकडे गेली. बायकोचं लक्ष होतं म्हणून ती मागोमाग गेली. मी बाहेर उभा. आतून लेकीचा आवाज आला, ‘काही नाही गं आई, येतेय.’ शब्द सगळे बरोबर होते, पण आवाज तिचा नव्हता. घोगरा, दाबल्यासारखा. बायको ओरडली, ‘आधी दार उघड!’

दार उघडलं तेव्हा ती जमिनीवर बसलेली होती. उलटी झालेली, ओठ सुजलेले, चेहरा पांढरा. अंगावर पुरळ म्हणाल तर एकही नाही. उठायचा प्रयत्न करत होती आणि आम्हाला म्हणत होती, ‘सॉरी.’

हे ‘सॉरी’ मला विसरता येत नाही. श्वास धड येत नाही आणि पोर माफी मागतंय. कशाची? आपल्या आइस्क्रीमचा विचका केला याची?

तिथेच, त्या ओल्या फरशीवर बायकोने तिला आडवं केलं, सॅकवर पाय वर ठेवले. मी पाऊचमधून पेनासारखं दिसणारं तयार इंजेक्शन, म्हणजे अ‍ॅड्रेनलिनचं पेन काढून मांडीच्या बाहेरच्या बाजूला, जीन्सवरूनच दाबलं. कपडे काढत बसायची गरज नसते. खटकन आवाज झाला आणि ती कळवळली. दारात बायका जमल्या होत्या, त्यातली एक म्हणत होती, ‘अहो तिला उठवा, हवेवर न्या.’ उठवायचं नसतं. रक्तदाब पडलेला असताना माणसाला एकदम उभं केलं तर तिथेच घात होऊ शकतो. श्वासाला फारच त्रास होत असेल तर पाय लांब करून बसवायचं, उलटी होत असेल तर कुशीवर वळवायचं, पण उभं करायचं नाही, चालवायचं नाही. काही मिनिटांनी फरक पडेना म्हणून दुसरं पेन दिलं. पाच ते पंधरा मिनिटांत उतार नाही पडला तर दुसरा डोस द्यायचा असतो, म्हणूनच जवळ कायम दोन ठेवायची. मग दवाखाना आणि रात्रभर तिथेच मुक्काम, कारण बरं वाटल्यावर काही तासांनी पुन्हा तेच सगळं उलटू शकतं.

तर असा मूड गेला.

आणि आता ते ‘भानगड’ प्रकरण. दवाखान्यात मध्यरात्री तिला जरा बरं वाटल्यावर ती म्हणाली, ‘बाबा, मला दिसलं होतं. आइस्क्रीमवाल्याने तोच चमचा पिस्त्याच्या डब्यात घातला होता.’

मी म्हटलं, ‘मग घेतलंस का?’

‘मागे रांग होती. आणि दुपारी जेवताना मी वेटरला विचारत होते ना, तेव्हा सगळे थांबले होते. कोणीतरी म्हणालं, झाली का उलटतपासणी? सगळे हसले.’

कोण म्हणालं ते तिने सांगितलं नाही, मी विचारलंही नाही. पण मी तिथे होतो, मला ते हसणं आठवतं. कोणाच्या मनात वाईट नव्हतं, हे मीच सांगतो. तरी त्या हसण्यानंतर माझ्या लेकीने त्या दिवशी कोणाला एकही प्रश्न विचारला नाही. संध्याकाळी चमचा डोळ्यांनी दिसत असून ती बोलली नाही.

तुम्ही सगळे माझ्यासारखेच आहात, पोराबाळांसाठी जीव टाकणारे. तुम्हाला वेगळं काय सांगायचं. पण हे एक ऐकून घ्या. पिस्त्याला आम्ही सांभाळून घेऊ शकतो. पाकिटं वाचतो, प्रश्न विचारतो, पेनं जवळ ठेवतो. पोरगी लाजून गप्प बसली की मात्र आमच्याकडे काहीच उरत नाही. आणि ही लाज तिच्या अंगात जन्मतः नव्हती. ती लहान होती तेव्हा छाती पुढे काढून सगळ्यांना सांगायची, ‘मला काजू चालत नाहीत हं!’ तेव्हा सगळे कौतुकाने गाल ओढायचे. तेच वाक्य आता पंधराव्या वर्षी म्हटलं की भानगड होते?

अन्नाच्या अ‍ॅलर्जीने जीव जाण्याचा धोका सगळ्यात जास्त या किशोरवयात आणि विशीच्या आसपास असतो, त्यात दमा असेल तर आणखी जास्त. शरीर बदलतं एवढंच कारण नाही. या वयात पोरांना चारचौघांत वेगळं दिसायचं नसतं. पेनाचं पाऊच खिशात फुगलेलं दिसतं म्हणून घरी ठेवून जातात. घशात खाज सुटली तरी ‘बघू, कमी होईल’ म्हणत बसतात. आणि सगळ्यात वाईट म्हणजे त्रास व्हायला लागला की एकटी उठून टॉयलेटमध्ये जातात आणि आतून कडी लावतात, कोणी बघू नये म्हणून. माझ्या लेकीने अगदी तेच केलं. बायकोचं लक्ष नसतं तर? मी या वाक्याच्या पुढे विचार करत नाही.

म्हणून हात जोडून सांगतो, अ‍ॅलर्जी असलेलं पोर जेवता जेवता गप्प झालं, खाकरायला लागलं, ओठ चाटायला लागलं आणि उठून गेलं, तर त्याच्यामागे जा. राग आला तर येऊ दे.

सहलीच्याच दिवशी असं का होतं, घरी कसं होत नाही, असंही विचारून झालंय. टोमणा होता, पण उत्तर देतो. घरी स्वयंपाक आपल्या हातातला असतो, हे एक. दुसरं, दमणूक, अपुरी झोप, भरपूर चालणं, अंगात कणकण, पाळीचे दिवस, आयब्युप्रोफेनसारखी दुखण्यावरची गोळी, यातलं काहीही सोबत असलं की एरवी जेवढ्याने काही झालं नसतं तेवढ्यानेही मोठी रिअ‍ॅक्शन येऊ शकते. सहलीच्या दिवशी यातलं बरंच काही एकदम जमून येतं. त्या दिवशी तिचं चालणं झालं होतं, आदली रात्र गप्पांत गेली होती, आणि बाकीचं एका पंधरा वर्षांच्या मुलीने गाडीभर नातेवाइकांना सांगायचं का?

आता पुन्हा राग येतोय, तर तेही लिहून टाकतो. ‘थोडंसंच तर होतं’ आणि ‘मागच्या वेळी नुसती खाज आली होती’, ही दोन वाक्यं मला आयुष्यात पुन्हा ऐकायची नाहीत. १९०२ साली पोर्तिए आणि रिशे या दोन फ्रेंच शास्त्रज्ञांनी कुत्र्यांना समुद्रातल्या एका प्राण्याचं विष टोचून पाहिलं. पहिल्या डोसाने जे कुत्रं धडधाकट राहिलं, तेच काही आठवड्यांनी तेवढ्याच मात्रेने अर्ध्या तासाच्या आत मेलं. अ‍ॅनाफिलॅक्सिस, म्हणजे जिवावर बेतणारी तीव्र रिअ‍ॅक्शन, हे नाव तेव्हाचं, आणि रिशेंना त्यावर १९१३ चं नोबेल मिळालं. इतकी वर्षं झाली हे कळून. मागची रिअ‍ॅक्शन सौम्य होती म्हणून पुढची सौम्य असेल, असं कोणताही डॉक्टर छातीवर हात ठेवून सांगणार नाही.

‘थोडं थोडं खाऊन सवय होते’ म्हणणाऱ्यांसाठी: अगदी कणभरापासून सुरू करून सहनशक्ती वाढवायचे उपचार आहेत, हे मान्य. ते डॉक्टर समोर बसवून करतात. सहलीत, डोंगरावर, कोणाच्यातरी डब्यातून करत नाहीत.

आणि ती अ‍ॅलर्जीची गोळी! त्या दिवशी मी पेन काढलं तेव्हा दारातून आमच्याच घरातल्या कोणीतरी म्हटलं, ‘इंजेक्शन कशाला लगेच, गोळी द्या ना.’ सेट्रिझिन खाज कमी करतं, पित्त उठल्यासारख्या गाठी बसवतं. सुजलेला घसा उघडत नाही, पडलेला रक्तदाब वर आणत नाही. ते काम अ‍ॅड्रेनलिनचं. ते रक्तवाहिन्या आवळतं, श्वासनलिका मोकळ्या करतं, सूज उतरवतं, आणि जितकं लवकर देऊ तितकं चांगलं. गोळी देऊन वाट बघण्यात जी मिनिटं जातात तीच मोलाची असतात. पेन मिळत नसेल तिथे डॉक्टर अ‍ॅम्प्युल (औषधाची काचेची कुपी) आणि सिरिंज देतात, किती भरायचं ते शिकवतात. ते शिकून घ्यायला लागतं, घरातल्या एकाने नाही, सगळ्यांनी.

बरं, त्रास होतो हे मी नाकारत नाही. हॉटेलात वेळ लागतो, कधी उठून दुसरीकडे जावं लागतं, लहान मुलं भुकेजतात, ड्रायव्हर वैतागतो. होतो त्रास. पुढे?

आम्ही मागतो तरी किती? तुम्ही पिस्ते खाऊ नका असं आम्ही कधी म्हटलं नाही. तिच्या समोर बसून खा. नुसत्या वासाने तिला अ‍ॅनाफिलॅक्सिस व्हायचा नाही. फक्त खाऊन झाल्यावर हात साबणाने धुवा, सॅनिटायझर चोळून ती प्रथिनं जात नाहीत. तिच्या पाण्याच्या बाटलीला तोंड लावू नका. तिच्या ताटात आपला चमचा घालू नका. पेनांचं पाऊच उन्हातल्या गाडीत राहू देऊ नका आणि फार शहाणपणा करून बर्फाच्या डब्यातही ठेवू नका, दोन्हीने औषध बिघडतं. आणि ती कोणाला काही विचारत असेल तेव्हा दोन मिनिटं शांत उभे राहा. बस. इतकंच.

हे सगळं लिहिताना ती बाजूच्या खोलीत आहे. मघाशी जाऊन आलो. खरंच पुस्तक घेऊन बसली होती, पान मात्र उलटत नव्हतं. मी म्हटलं, ‘आपण जाणार आहोत.’ तर म्हणाली, ‘बाबा, सीन नको करूस. मी नसले की सगळ्यांना बरं वाटेल.’ मी तिच्या डोक्यावर हात फिरवला, तिने तो झटकला. पंधरा वर्षांच्या मुलीने झटकायलाच हवा. तिला कुशीत घेऊन फिरवायचे दिवस गेले, हे मला कळतं. ती स्वतः विचारेल, स्वतः नाही म्हणेल, एक दिवस स्वतःच्या मित्रमैत्रिणींबरोबर जाईल आणि मी तिथे नसेन. त्या दिवशी तिला विचारायची लाज वाटता कामा नये. ती सवय आमच्या घरच्या माणसांत नाही लागली तर कुठे लागणार?

काका, तुम्ही हे वाचत असाल. तुमच्यावर राग आहे, आजच्या दिवस राहील. पण त्या रात्री दवाखान्याबाहेर तुम्ही पहाटेपर्यंत बसून होतात, हेही मी बघितलंय. तुम्ही घाबरलात आणि म्हणून ‘घरी राहू दे’ म्हणताय, असं बायको म्हणते. असेल तसं. तरी त्या पोरीला तसं ऐकू आलं नाही. तिला आपण नकोशा आहोत असं ऐकू आलं. तेवढा एक फोन तिला करा.

आम्ही तिघंही सहलीला येणार आहोत. जेवायचं कुठे ते तिने आणि मी आधी फोन करून ठरवू, स्वयंपाकघराशी बोलू, आणि ग्रुपवर कळवू. माझ्याकडे सरावाचं पेन आहे, त्यात सुई नसते, औषध नसतं. निघायच्या आदल्या संध्याकाळी घरी या, आजोबा-आजींसकट सगळे. झाकण कुठलं काढायचं, मांडीवर कुठे दाबायचं, किती वेळ धरून ठेवायचं ते तीच शिकवणार आहे, मी तिला अजून विचारलेलं नाही पण ती हो म्हणेल. ज्यांना आदल्या दिवशी जमणार नाही त्यांनी मला आधी सांगा, मी पेन घेऊन तुमच्याकडे येतो.