वाडा हवेसाठी बांधला, सोवळ्यासाठी नव्हे?

नाशिकच्या जुन्या ब्राह्मणी वाड्यांचे फोटो लावून एक मजकूर सतत फिरतो: वाड्याची रचना म्हणजे निव्वळ विज्ञान, धर्माचं नाव नुसतं लोकांना पटावं म्हणून. आम्हाला हे मान्य नाही.

'चौक हवा खेळावी म्हणून.' खरं आहे. पण चौक सरदारांच्या, सावकारांच्या वाड्यांतही आहे. ब्राह्मणी घराचं वेगळेपण चौकामागच्या खोल्यांच्या क्रमात आहे.

'स्वयंपाकघर मागे, कारण धूर.' धुराला धुराडं पुरतं. परसातला आड, शेजारी न्हाणी, तिथून स्वयंपाकघर, लगत देवघर, ही पाण्याची वाट एकदा चालून पाहा. सोवळं नेसलेल्याला ओवळ्याचा स्पर्श न होता पाणी भरायचं, रांधायचं, नैवेद्य दाखवायचा, त्यासाठी ती आखली आहे. सोवळं वाळत घालायची दांडीही छताजवळ, काठीनेच पोचता येईल अशी. शौचकूप परसाच्या पार टोकाला. आज दुरुस्तीत आडाकडचं दार बुजवून तिथे संडास काढतात आणि चौक तेवढा जपतात. मग घराचा आराखडा वाचताच येत नाही.

पंचवटीतल्या तीर्थोपाध्यायांच्या, म्हणजे यात्रेकरूंचे विधी करणाऱ्या पुरोहितांच्या घरात तर हे आणखी ठळक. रामकुंडावर अस्थी घेऊन आलेला यजमान सुतकात असे. त्याची ऊठबस, वंशावळीच्या वह्या पाहणं, सगळं पुढच्या ओसरीवर. आतलं घर त्यापासून राखलेलं.

'तुळस रात्री ऑक्सिजन देते.' नाही. प्रकाशाशिवाय प्रकाशसंश्लेषण होत नाही. रात्री तुळसही कार्बन डायऑक्साइडच सोडते. वृंदावन आहे ते पूजेसाठी, प्रदक्षिणेला भोवती जागा सोडून.

'सारवण किरणोत्सर्ग अडवतं.' बोटभर थर काय अडवणार? शेणातले तंतू माती धरून ठेवतात, धूळ उडत नाही, एवढंच. तेही पातळ हात फिरवला तर. जाड थर वाळताना तडकतो आणि पोपडे निघतात. पंगत उठल्यावर उष्ट्याच्या जागी शेण फिरवत ते मात्र शुद्धीसाठी, कारण गोमय पवित्र मानलेलं.

सगळं विज्ञानाच्या खात्यावर टाकलं की आणखी एक गोष्ट पुसली जाते. याच आराखड्यात कोणी ओसरीवर थांबायचं, कोणी दिंडी दरवाजाच्या आत पाऊलही टाकायचं नाही आणि पाळीतल्या बाईने कुठे बाजूला बसायचं, हेही ठरलेलं होतं. २ मार्च १९३० रोजी पंचवटीत काळाराम मंदिराच्या दारी सत्याग्रह सुरू झाला, तो अशाच हद्दींविरुद्ध.