डुक्कर गेलं, बादली राहिली

ठासणीची बंदूक, म्हणजे तोंडातून दारू भरून गजाने ठासायची ती, म्हटलं की मुंबईच्या नातेवाईकांच्या डोळ्यासमोर एकदम मिशीवाला शिकारी वगैरे येतो. माझ्या डोळ्यासमोर बादली येते. गरम पाण्याची, काळ्या फेसाची, आणि ती न्हाणीत दिसली की बायकोच्या कपाळावर जी आठी पडते ती पण येते.

आमच्या सिंधुदुर्गात ही बंदूक म्हणजे शेतीचंच अवजार, लायसनवर स्वच्छ लिहिलेलं असतं पीक संरक्षण म्हणून. वडिलांच्या मागे ती माझ्या नावावर झाली, सोबत ठासायचा लांब गज आला, केपांची, म्हणजे बार पेटवणाऱ्या छोट्या टोप्यांची डबी आली आणि साफसफाईचं खातं आलं ज्याचा लायसनवर कुठेच उल्लेख नाही. भात पिकायला आलं की रानडुकरं उतरतात. आम्ही छर्रे बिर्रे घालत नाही, बंदुकीची काळी दारू ओतायची, वर काथ्याचा बोळा गजाने ठासायचा, केप लावायची आणि नळी आभाळाकडे करून बार काढायचा. डुकराला मारायचं नसतंच, आपलं मत कळवायचं असतं. मग डुक्कर गवतातनं सळसळत पळतं, पलीकडच्या वाडीत दुसऱ्या कोणाच्या मळ्यात जेवतं आणि झोपतं. मी मात्र रात्री दीड वाजता चूल पेटवून हंड्यात पाणी तापवत बसतो.

सकाळी साफ कर की, असं ज्यांना वाटतं त्यांनी नवरात्राच्या दिवसांत कोकणात येऊन राहून बघावं. काळी दारू म्हणजे साधारण 75 भाग सोरा, 15 भाग कोळसा आणि 10 भाग गंधक, आणि ही बया जळली तरी पूर्ण जात नाही, निम्म्याहून जास्त वजन घनच राहतं, त्यातलं थोडं धुरातून आपल्या नाकात जातं आणि बाकीचं नळीला आतून चिकटतं. हे चिकटलेलं सगळं मुख्यतः पोटॅशियमचे क्षार, आणि त्यातल्या बऱ्याच जणांचा स्वभाव हवेतलं पाणी ओढून घ्यायचा. आमच्या हवेत पाण्याला काय तोटा आहे का, वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, मिठाच्या बरणीत पाणी सुटतं, पापड तळायच्या आधीच नरम. अशा हवेत ती नळी रात्रभर तशीच ठेवली की सकाळी आत गंजाची तांबूस पावडर तयार. वडिलांचा नियमच होता, बार काढलेला माणूस बंदूक धुतल्याशिवाय झोपत नाही. ते स्वतः बार काढायचे आणि धुवायला मला उठवायचे हा भाग वेगळा.

कशाने धुवायची यावर आमच्या वाडीत जेवढी घरं तेवढी मतं आहेत. एक जण म्हणतो रॉकेल, एक जण मोटरसायकलचं जळकं ऑइल, एकाने तर तो फुसफुस करणारा स्प्रे आणून दिला. फौजेतून रिटायर झालेला मावसभाऊ म्हणतो तेल मार आणि ठेव, पण त्याची रायफल काडतुसाची, तिच्यात बिनधुराची दारू, ती एवढा राडा करतच नाही. आमच्या नळीत बसलाय तो क्षार. मीठ तेलात विरघळतं का? नाही ना? मग रॉकेल ओता नाहीतर अत्तर ओता, घाण आहे तिथेच राहते आणि वर डांबरासारखं लपकं तयार होतं ते वेगळंच. याला औषध एकच आणि फुकटचं, गरम पाणी. पण फुकटच्या गोष्टीवर कोणाचा विश्वास बसत नाही.

तर कृती अशी. आधी गज आत टाकून बघायचा की वडिलांनी त्यावर कोरलेली खूण नळीच्या तोंडाशी येतेय का, ती वर राहिली तर आत काहीतरी भरलेलं आहे आणि बादली बाजूला ठेवून आधी त्याचा निकाल लावायचा. मग दस्त्यापासून नळी सोडवायची, केप बसते ते निपल पान्याने काढायचं, नळीचं बूड बादलीत बुडवायचं, गजाच्या टोकाला फडका गुंडाळायचा आणि वर-खाली, वर-खाली. गज वर ओढला की निपलच्या भोकातून पाणी आत, खाली दाबला की सगळी काळी शाई बाहेर. वाचायला किती छान वाटतं बघा. फक्त ते भोक पाण्याच्या खालीच राहिलं पाहिजे, जरा नळी उचलली गेली की बारीक काळी पिचकारी सुटते आणि ती कधीच मोकळ्या जागी जात नाही, टॉवेल वाळत असेल त्याच दिशेला जाते. आमच्या न्हाणीच्या भिंतीवर खांद्याच्या उंचीला एक तिरका काळा पट्टा आहे, दोनदा रंग मारला तरी तो खालून परत दिसतोच.

आणि वास! त्या क्षारांत सल्फाइडही असतं, त्यावर गरम पाणी पडलं की सडक्या अंड्याचा वास सुटतो. बरं डुकरं येणार बरोबर नवरात्रात. म्हणजे देवघरात घट बसलेले, अखंड दिवा, आईचा नऊ दिवस उपास, आणि रात्री दोनला आतल्या खोलीतून आवाज, "कोणी रे अंडी उकडल्यान नवरात्रात?"

मी म्हटलं, "आई, बंदूक धुतोय."

"खोटा बोला नको, माका वास कळता."

बायको उठून आली, दारात उभी राहिली, बादलीकडे बघितलं. "अहो, ती कपडे भिजवायची बादली आहे." बास, एवढंच बोलली आणि गेली. या वाक्याला मी काय उत्तर देणार होतो?

धुवून झालं की शेवटी कढत पाणी ओतायचं म्हणजे नळी तापते आणि आतून आपोआप सुकते, मग कोरडे फडके, मग तेल. आमच्यात खोबरेल. शाळेत सगळ्यांना शिकवतात की 1857 ला काडतुसांना गाई-डुकराची चरबी लावल्याची बातमी पसरली आणि बंड झालं, पण ती चरबी लावायचीच कशाला हे आमच्या गुरुजींनी कधी सांगितलं नाही. ती काडतुसं ज्या एनफिल्ड रायफलची, ती पण ठासणीचीच होती, नळीत आतून आटे म्हणजे फिरत्या खाचा, गोळी घट्ट, आणि चार बार झाले की या असल्याच काजळीमुळे पुढची गोळी खाली उतरेना, म्हणून वंगण. नंतर शिपायांना स्वतःचं मेण-तेल लावायची मुभा दिली पण तोवर संशय पक्का झालेला. माझं म्हणणं एवढंच की या काजळीने आख्खी कंपनी सरकार हलवलं तिथे आमची न्हाणी काय चीज आहे.

यंदा मात्र फडक्यानेच दगा दिला. जुनं धोतर संपलं, तर बायकोने माझा वाडीच्या क्रिकेट टुर्नामेंटचा टी-शर्ट फाडून दिला, तिला तो बरीच वर्षं घालवायचा होताच. होजिअरीचं कापड ते, आत गेलं, ताणलं, गजावरनं सुटलं आणि बुडाशी जाऊन बसलं. गज बाहेर, फडका आत. ठासणीच्या बंदुकीला मागून दार नसतं, जे काय गेलं ते पुढूनच बाहेर यायचं. वायर वाकवून बघितली, सायकलच्या पंपाने निपलच्या भोकातून हवा मारली, काही नाही.

उजाडल्यावर शेजारचे तात्या आले. तात्यांना बंदुकीतलं सगळं कळतं आणि माझं सगळं चुकीचं असतं. त्यांनी नळीत एक डोळा घालून बघितलं, जिथे दुसरं टोक बंद असल्याने काहीच दिसत नाही, आणि म्हणाले, "भोकातून चिमूटभर दारू घाल, केप लाव नि बार काढ. फडको आपसूक भायर येतलो."

"तात्या, पण मग नळी परत घाण होणार ना?"

"मगे धुव."

हा खरा उपाय आहे, जुनी माणसं असंच करतात, आणि याच्यासारखा दुष्ट उपाय मी आयुष्यात ऐकलेला नाही. मळ्यात गेलो. पहिल्यांदा फडक्याच्या ओलीने दारू भिजली, नुसती केप वाजली, तात्या म्हणाले मी दारू शिळी वापरली. थोडी कोरडी दारू अजून घातली, पुन्हा केप लावली, फटकन आवाज झाला आणि टी-शर्टचा तो तुकडा धूर सोडत बांधावरच्या पेरूला जाऊन लटकला, त्याच्यावरचं "उपविजेता" अजून वाचता येत होतं. मग परत हंडा, परत बादली, परत अंड्यांचा वास, आणि या वेळी आईला शेजारच्या काकूंना पण सांगायला मिळालं.

या सगळ्यातून सुट्टी मिळते ती फक्त निवडणुकीत. आचारसंहिता लागली की शस्त्र ठाण्यात जमा. 2024 ला तर चैनच, 16 मार्चला लोकसभेची लागली, 12 ऑक्टोबरचा दसरा झाल्यावर तिसऱ्याच दिवशी विधानसभेची. काही शेतकरी पिकासाठी सूट मागायला, कोणाचं शस्त्र जमा करायचं हे ठरवणाऱ्या स्क्रीनिंग कमिटीकडे अर्ज करतात. मी पावती घेऊन घरी येऊन झोपलो. त्या वर्षी डुकरांनीही मतदान शांततेत पार पाडलं म्हणतात.

यंदा निवडणुकीची वाट बघण्यात अर्थ नव्हता, दसरा तोंडावर, शस्त्रपूजा. दुसऱ्यांदा धुतलेली, सुकवलेली, खोबरेल लावून चकचकीत केलेली बंदूक मी कोयता, विळा आणि लॅपटॉपच्या शेजारी पाटावर ठेवली. आईने हळद लावली, कुंकू लावलं, झेंडू वाहिला, इथपर्यंत ठीक. मग तांब्यात फूल बुडवलं आणि नळीवर सपासप पाणी शिंपडलं, दोन थेंब बरोबर तोंडातून आत. मी कोरडा फडका घेऊन पुढे झालो तर तिने हात धरला.

"देवाच्या पाण्यान कधी गंज धरता काय रे?"

तात्या प्रसादाला आलेले, दारातनंच म्हणाले, "धरता."