चित्राखालची नावं कापू नका

गेल्या महिन्यात वास्तुशांतीच्या एका निमंत्रणपत्रिकेचं काम आलं. "जुन्या बोटॅनिकल चित्रांसारखं दिसलं पाहिजे," एवढीच अट. घर कोकणात, अंगणात माड आणि सुरंगी. आणि व्हॉट्सॲपवर नमुना म्हणून आलेली चित्रं पिओनी, ट्यूलिप आणि इंग्लिश गुलाबाची! इंटरनेटवर 'व्हिंटेज' शोधलं की पहिल्यांदा तेच समोर येतं, त्याला पत्रिका करवून घेणाऱ्या बाई बिचाऱ्या काय करणार.

मी त्यांना 'होर्तुस मलबारिकुस' उघडून दाखवलं. मलबारचा डच गव्हर्नर हेंड्रिक व्हान ऱ्हीडनं तिथल्या वनस्पतींवर करवून घेतलेला हा ग्रंथ. बारा खंड, ॲमस्टरडॅमला १६७८ ते १६९३ या काळात छापलेले. पहिल्या खंडाची सुरुवातच माडापासून होते. बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररीच्या साइटवर हा ग्रंथ कुणालाही फुकट पाहता येतो.

माड त्यांना लगेच आवडला. मग मी यातल्या पुष्कळ चित्रांवर कोरलेली नावं मोठी करून दाखवली. रोमन, मल्याळी, अरबी आणि चक्क आपली नागरी अक्षरं! साडेतीनशे वर्षांपूर्वी ॲमस्टरडॅममध्ये. ज्यांनी ती तांब्याच्या पत्र्यावर कोरली त्यांना ती वाचता येत नसणार, त्यामुळे वळणं जरा अवघडलेली आहेत. पण नावं कोकणी. रंगा भट, विनायक पंडित आणि आप्पू भट हे तिघे कोकणी ब्राह्मण या कामात होते. त्यांचं नागरी लिपीतलं कोकणी प्रशस्तिपत्र पहिल्या खंडात छापलेलं आहे. त्याच खंडात इट्टी अच्युतन या मलयाळी वैद्याचंही आहे. ग्रंथातलं औषधांचं ज्ञान मुख्यतः त्याच्या घराण्याचं. कोणता पाला कशावर चालतो हे या माणसांनी सांगितलं, म्हणून ते कागदावर आलं.

आणि आपण डिझाइन करणारे पहिल्यांदा काय करतो? तीच अक्षरं पुसतो. मीही केलंय. काही वर्षांपूर्वी एका कॅलेंडरसाठी बारा चित्रं घेतली आणि बाराही चित्रांवरची नावं 'स्वच्छ' केली. खाली उलगडून दाखवलेलं फूल, बीचा उभा छेद, सगळं कापलं, कारण चौकटीत बसत नव्हतं. ते कॅलेंडर आज बघवत नाही मला. झाड ओळखता यावं म्हणून कुणीतरी दिवसच्या दिवस बसून काढलेलं चित्र, आणि त्यात ओळखीचं म्हणून जे होतं तेवढंच मी नेमकं काढून टाकलं.

पुण्याच्या लोकांनी तर दापोडीची चित्रं एकदा तरी पाहावीत. मुळेकाठच्या दापोडीत तेव्हा सरकारी वनस्पती-उद्यान होतं. त्याचा प्रमुख अलेक्झांडर गिब्सन यानं १८४७ ते १८५० दरम्यान तिथल्या झाडांची जलरंगातली चित्रं काढून घेतली. ती आज एडिंबरोच्या रॉयल बोटॅनिक गार्डनमध्ये आहेत, 'दापुरी ड्रॉइंग्ज' याच नावानं. चित्रकार पोर्तुगीज-भारतीय होता, एवढंच त्याच्याबद्दल नोंदलेलं आहे. नाव नाही. ज्या गावावरून मी आयुष्यभर लोकलनं गेले, तिथे बसून एका माणसानं हे केलं आणि त्याचं नाव कुणी लिहून ठेवलं नाही, याचा मला खरंच त्रास होतो. मद्रासकडचा वनस्पतिशास्त्रज्ञ रॉबर्ट वाइट यानं निदान आपले चित्रकार रंगय्या आणि गोविंदू यांची नावं नोंदवली. ऑर्किडच्या एका वंशाला (जीनसला) त्यानं 'गोविंदूइया' असं नावही दिलं.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. ही चित्रं जरूर वापरा. साड्यांवर, वह्यांवर, पत्रिकांवर, भिंतींवर. एवढ्या जुन्या चित्रांवर आता कुणाचा हक्क उरलेला नाही (स्कॅन ज्या संस्थेचा आहे तिच्या अटी मात्र वाचून घ्या). पण झाडाचं नाव, ग्रंथ, वर्ष आणि चित्रकार एवढं कुठेतरी छापा. मागच्या पानावर एक ओळ पुरते. आणि हल्ली कॉम्प्युटरनं बनवलेली खोटी 'जुनी' चित्रं पॅकमध्ये विकतात ती घेऊ नका. समोरासमोर पानं येणाऱ्या झाडाला त्यात एकाआड एक पानं असतात, आणि खालचं लॅटिन नाव म्हणजे नुसती गिचमीड.

छपाईचं एक सांगते, कारण इथे बरेच जण फसतात. तांब्यावर कोरलेलं चित्र म्हणजे सगळा रेषांचा खेळ. सावलीसुद्धा बारीक रेषांचीच. ते ग्रेस्केलमध्ये छापायला दिलं की रेषांचे ठिपके होतात आणि पान राखाडी दिसतं. सगळ्यात मोठ्या रिझोल्यूशनचा स्कॅन उतरवा, निव्वळ काळ्या-पांढऱ्यात करा, आणि ऑटो-ट्रेस (सॉफ्टवेअरकडून रेषा आपोआप गिरवून घेणं) अजिबात नको, रेषा जाड होतात. जलरंगाचं उलट. तिथे कागदाचा पिवळसरपणा पूर्ण घालवायचा नाही, नाहीतर पानांचा हिरवा भडक होतो.

पत्रिका छापून झाली. माड वर, कोरलेल्या नावांसकट, आणि मागे एका ओळीत ग्रंथाचं नाव आणि साल. आता दापोडीच्या एका चित्रावरून वही करायची आहे, परवानगीसाठी एडिंबरोला पत्र लिहिते आहे. मागच्या पानावरची ओळ आधीच ठरली आहे: 'चित्रकार पोर्तुगीज-भारतीय, नाव नोंदलेलं नाही. दापोडी, १८४७–५०.'