बोलणाऱ्या डब्यांना टेपरेकॉर्डर म्हणू नका

जुने कॉम्प्युटर जपणाऱ्या लोकांमध्ये एक मजकूर सध्या पुन्हा पुन्हा पुढे पाठवला जातोय. त्याचा गोषवारा असा: १९८०च्या दशकात घरगुती कॉम्प्युटरला जोडायचे जे बोलणारे डबे मिळत, ती शुद्ध धूळफेक होती. माणसाचा आवाज त्यांत आधीच भरलेला असे आणि कॉम्प्युटर फक्त तो वाजवी. ‘सॅम’सारखा प्रोग्राम तेच काम कुठल्याही डब्याशिवाय करत होता, म्हणजे डब्याचे पैसे पाण्यात. बोलणं इतकं घोगरं की समजायचंच नाही. आणि गेममधल्या दोन-चार आरोळ्यांपलीकडे त्याचा कोणालाही उपयोग झाला नाही.

यातलं पहिलं विधान चूक आहे, मधली दोन अर्धवट आहेत आणि चौथं वाचून मला खरंच वाईट वाटलं. म्हणून हे लिहितोय.

आवाज आधीच भरलेला होता, यापासून सुरुवात करू. आधी साधा हिशोब. फोनवर ऐकू येतो तेवढ्या दर्जाचा आवाज जसाच्या तसा साठवायचा तर सेकंदाला ८,००० नमुने, म्हणजे आवाजाची मोजमापं, घ्यावे लागतात. नमुन्याला एक बाइट धरला तर एका सेकंदाला सुमारे ८ केबी झाले. झेडएक्स स्पेक्ट्रम या ब्रिटिश घरगुती कॉम्प्युटरची तेव्हाची मोठी आवृत्ती ४८ केबीची. बाकी सगळं बाजूला ठेवून पूर्ण मेमरी आवाजाला दिली, तरी सहा सेकंदांत ती भरली. आता डबा बघा. ‘करा’ नावाच्या ब्रिटिश कंपनीचा ‘मायक्रोस्पीच’ १९८३ साली आला. तो स्पेक्ट्रमच्या पाठीमागच्या जोडणीत बसायचा आणि जनरल इन्स्ट्रुमेंटच्या एसपी०२५६-एएल२ या चिपवर चालायचा. अ‍ॅमस्ट्रॅडच्या सीपीसी कॉम्प्युटरसाठी निघालेल्या डब्यांतही हीच चिप असे. तिच्या पोटातला रॉम, म्हणजे कायमची मेमरी, आहे फक्त दोन केबीचा. वरच्या हिशोबाने त्यात पाव सेकंदाचा आवाज मावेल. ‘नमस्कार’ पुरा व्हायच्या आत जागा संपेल.

तरीही ही चिप सांगाल ते वाक्य बोलते, कारण तिच्यात आवाज घडवण्याची कृती साठवलेली आहे. आपण बोलतो तेव्हा स्वरतंतूंची थरथर किंवा नुसती हवा हा कच्चा माल असतो. जीभ, टाळू, ओठ आणि नाक त्याला आकार देतात. गळ्यावर बोट ठेवून ‘स’ लांबवा, थरथर लागत नाही. ‘झाड’मधला ‘झ’ लांबवा, लगेच लागते. चिपमध्ये थरथरीच्या जागी ठरावीक अंतराने येणारे ठोके आहेत, हवेच्या जागी खरखर आहे आणि तोंडाच्या पोकळीच्या जागी आकड्यांवर चालणारा फिल्टर आहे. रॉममध्ये आहेत ते या फिल्टरचे आकडे.

तिला बाहेरून सहा बिटांचा एक क्रमांक द्यायचा, म्हणजे एकूण ६४ पर्याय. त्यांतले पाच विराम आहेत, १० ते २०० मिलिसेकंदांचे. उरलेले ५९ इंग्रजीचे ध्वनी. ध्वनी म्हणजे अक्षरं नव्हेत, हे इथे लक्षात घ्यायला हवं. एकट्या ‘क’ला तीन क्रमांक आहेत. का, ते आपल्याच तोंडात कळतं: ‘की’ म्हणताना जीभ जिथे टेकते आणि ‘कू’ म्हणताना जिथे टेकते त्या जागा वेगळ्या आहेत. सावकाश म्हणून बघा. आपण आयुष्यभर बोलतो आणि आपल्याला हे जाणवत नाही. ज्यांनी हा तक्ता बांधला त्यांनी ते टिपून प्रत्येकाला वेगळं घर दिलं.

ही २८ पायांची चिप माझ्या टेबलावर ब्रेडबोर्डमध्ये, म्हणजे सर्किट जुळवून पाहायच्या भोकांच्या पाटीत, बसवलेली आहे. तिचा आवाज थेट स्पीकरला देता येत नाही. आधी तो ३३ किलोओहमचे दोन रेझिस्टर आणि ०.०२२ मायक्रोफॅरडचे दोन कपॅसिटर यांच्या चाळणीतून काढायचा, मग अ‍ॅम्प्लिफायरला द्यायचा. पहिल्या दिवशी मी तिला २७, ७, ४५, १५, ५३ असे पाच आकडे पाठवले. स्पीकरमधून ‘हॅलो’ आलं आणि त्यातला शेवटचा ‘ओ’ थांबेचना. वायर उपटायच्या बेतात होतो, तेव्हा लक्षात आलं की शेवटी विरामाचा क्रमांक पाठवायचा राहिला होता. टेप असती तर शब्द संपला की गप्प झाली असती. ही चिप ‘ओ’चा आकार तोंडात धरून पुढच्या सूचनेची वाट बघत होती.

मग तिला मराठी बोलायला लावलं. ‘बाळ’ म्हणायला सांगितलं की ती ‘बाल’ म्हणते, कारण तिच्या ५९ ध्वनींत ‘ळ’ नाही. ‘ण’ही नाही. ‘घर’साठी ‘ग’पाठोपाठ ‘ह’ जोडून पाहिला, जेमतेम जमलं. ‘चमचा’तला ‘च’ मात्र ‘ट’ला ‘स’ चिकटवून इतका चांगला आला की मी तो घरात सगळ्यांना बोलावून ऐकवला. कोणी कधी न भरलेला शब्द, आपण ध्वनी जुळवल्याबरोबर ती बोलली.

अर्धसत्य कुठे आहे तेही सांगतो. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या टीआय-९९/४ए कॉम्प्युटरच्या डब्यात काहीशे ठरलेले शब्द होते. बीबीसी मायक्रो या ब्रिटिश कॉम्प्युटरच्या बोलणाऱ्या जोडणीतले शब्द केनेथ केंडल या बीबीसीच्या वृत्तनिवेदकाच्या आवाजावरून घेतलेले होते. (आपल्याकडच्या शाळांत कॉम्प्युटर शिकवण्याच्या १९८४च्या ‘क्लास’ प्रकल्पातून आले, ते हेच बीबीसी मायक्रो.) तिथे मूळ आवाज माणसाचा होता, हे कबूल. पण ध्वनिमुद्रण तिथेही वाजत नव्हतं. बीबीसी मायक्रोसाठीची टीएमएस५२२० ही चिप दर २५ मिलिसेकंदांना माहितीची एक चौकट वाचते. चौकटीत जास्तीत जास्त ५० बिट असतात: आवाज किती मोठा, सूर किती उंच आणि फिल्टरचे दहा गुणक. सेकंदाला फार तर २,००० बिट. जसाच्या तसा साठवलेला आवाज सेकंदाला ६४,००० बिट खातो. एवढ्या माहितीतून बोलणं पुन्हा उभं करायचं ही रीत टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने १९७८ साली ‘स्पीक अँड स्पेल’ या मुलांच्या खेळण्यात पहिल्यांदा लोकांच्या हातात दिली. शिवाय टीआयच्या त्याच डब्याला ‘टर्मिनल एम्युलेटर २’ हे कार्ट्रिज जोडलं की तो ठरलेल्या शब्दांचं कुंपण ओलांडून हवा तो मजकूर वाचायचा.

आता ‘सॅम’. मार्क बार्टन यांचा हा प्रोग्राम १९८२ साली आला, आणि तो थोरच होता. पण तो असताना डबे निरर्थक होते असं म्हणणाऱ्याने तो त्या काळच्या कॉम्प्युटरवर चालवून पाहिलेला नसावा. अटारी कंपनीच्या घरगुती कॉम्प्युटरवर तो बोलायला लागला की पडदा काळा करावा लागे. चित्र काढणारी चिप मेमरी वापरण्यासाठी प्रोसेसरला मध्येमध्ये थांबवते, आणि आवाजाचा एक-एक नमुना वेळेवर बाहेर टाकणाऱ्या प्रोसेसरला एवढी अडवणूकही परवडत नव्हती. बोलताना बाकी सगळं बंद. डबा जोडलेला असला तर प्रोसेसर ध्वनीचा क्रमांक देऊन आपल्या कामाला मोकळा होतो, मधल्या वेळात गेममधला राक्षसही हलवतो आणि गुणही मोजतो. अ‍ॅपल २ची गोष्ट तर आणखी बोलकी आहे. त्या कॉम्प्युटरचा स्पीकर एका बिटाचा, नुसता आत-बाहेर होणारा. तिथे ‘सॅम’ नीट ऐकू यावा म्हणून त्याच्यासोबत आवाजाचं एक कार्डच येत असे. डबा नको म्हणून ज्या प्रोग्रामचा दाखला दिला जातो, तो स्वतःच हार्डवेअर घेऊन येत होता.

तिसरा मुद्दा घोगरेपणाचा. आवाज घोगरा होता, यात वाद नाही. पण ‘कळायचंच नाही’ म्हणणारे दोन गोष्टींची गल्लत करतात. आवाजाचा पोत ही एक गोष्ट आणि उच्चार चुकणं ही दुसरी. चुकीचे उच्चार बहुतेक वेळा चिपच्या आधी, स्पेलिंगपासून ध्वनी शोधताना होत. इंग्रजीत एकच अक्षरसमूह चार शब्दांत चार तऱ्हांनी म्हणतात. अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेने १९७६ साली याचे नियम लिहून काढले, ते ३२९ भरले. तेवढे लावूनही दहातला एखादा शब्द चुकायचा. ज्याला वेळ होता तो ध्वनी स्वतः लिहून द्यायचा. मायक्रोस्पीचमध्ये वाक्य बेसिक या प्रोग्रामिंग भाषेतल्या एका स्ट्रिंगमध्ये, म्हणजे अक्षरांच्या माळेत, लिहायचं, विशेष ध्वनी कंसात टाकायचे आणि मोठ्या लिपीतलं अक्षर वापरलं की सूर किंचित चढायचा. असं जुळवलेलं वाक्य सहज कळतं. देवनागरीत तर यातलं निम्मं ओझं लिपीच उचलते. ‘घर’ लिहून ‘घर्’ म्हणायचं, अशा काही सवयी शिकवाव्या लागतात, पण अक्षर बघून ध्वनी कळतो. त्या काळात आपल्या भाषांसाठी अशी स्वस्त चिप कोणी बाजारात आणली असती तर, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

आता कोणाच्याही उपयोगाचे नव्हते, या विधानाकडे येतो. गेममधल्या आरोळ्या मलाही आवडतात, ‘लूनर जेटमॅन’ मायक्रोस्पीच लावून मीही खेळलोय. पण कॅलिफोर्नियातल्या स्ट्रीट इलेक्ट्रॉनिक्सचं ‘एको २’ हे कार्ड अ‍ॅपल २मध्ये बसवून आणि त्याच्यासोबतचा ‘टेक्सटॉकर’ प्रोग्राम चालवून अमेरिकेतल्या अंध लोकांनी पडद्यावरची अक्षरं ऐकायला सुरुवात केली. त्याआधी स्वतः लिहिलेलं तपासायला कोणीतरी डोळस माणूस शेजारी लागायचा. आता टाइप केलेलं लगेच कानावर येत होतं. आवाज चढा, नाकातला, सपाट. पण पत्र स्वतः लिहायचं, स्वतः वाचून दुरुस्त करायचं आणि कोणाला न दाखवता पाकिटात घालायचं, हे त्यांतल्या अनेकांना पहिल्यांदाच करता आलं. याला उपयोग म्हणायचं नसेल तर कशाला म्हणायचं?

स्टीफन हॉकिंग यांचंही असंच. १९८५ साली श्वासनलिकेवरच्या शस्त्रक्रियेने त्यांची वाचा गेली. त्यानंतर त्यांना मिळालेली पहिली व्यवस्था एका अ‍ॅपल २वर चालत होती. पडद्यावर शब्द निवडायचे, आणि जोडलेला ‘स्पीच प्लस’ कंपनीचा सिंथेसायझर, म्हणजे आवाज घडवणारं यंत्र, ते बोलायचा. तो डबा घरगुती किमतीचा नव्हता, पण रचना तीच: लहान कॉम्प्युटर आणि बाजूला बोलणारं यंत्र. पुढे जास्त नैसर्गिक आवाज उपलब्ध झाले तरी हॉकिंग यांनी तो यांत्रिक आवाज बदलला नाही. तो त्यांचा स्वतःचा झाला होता.

माझ्या ओळखीचे एक निवृत्त शिक्षक पूर्ण अंध आहेत. त्यांच्या लॅपटॉपवर एनव्हीडीए हा पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा मोफत स्क्रीनरीडर आहे आणि तो ई-स्पीक नावाच्या सिंथेसायझरच्या आवाजात मराठी वाचतो. या ई-स्पीकची सुरुवात जोनाथन डडिंग्टन यांनी १९९५ साली केली, ती बीबीसी मायक्रो बनवणाऱ्या एकॉर्न कंपनीच्याच पुढच्या कॉम्प्युटरवर. तोही मुख्यतः ध्वनी घडवूनच बोलतो, म्हणून तर इतक्या भाषा थोड्याशा जागेत मावतात. सर त्याचा वेग एवढा ठेवतात की शेजारी बसून मला एक शब्द कळत नाही. मी एकदा विचारलं, सर, यापेक्षा गोड आवाज आहेत, बसवून देऊ का? ते म्हणाले, ‘‘गोड आवाज या वेगाला शब्द गिळतो रे. हा गिळत नाही.’’ मग त्यांनी बाण दाबत दाबत त्या दिवशीचा अग्रलेख ऐकला. माझा चहा संपायच्या आत त्यांचा अग्रलेख संपला होता, आणि त्यातला ‘ळ’ मला स्पष्ट ऐकू आला होता.