आत्याचा स्मॉल जी आणि माझा शहाणपणा

आमची आत्या साठीला आलीय आणि आता तिला इंग्रजी लिहायला शिकायचंय. वाचता येतं तिला, दुकानांच्या पाट्या, औषधांची नावं वगैरे, पण बँकेत फॉर्म भरायला दुसऱ्याच्या हातात पेन द्यावं लागतं याचा भयंकर राग येतो. मी म्हटलं हात्तिच्या, सरावाचे कागद मी करून देतो, आणि दिले की टाइम्स न्यू रोमनमध्ये छापून. दुसऱ्या दिवशी बघतो तर बाईने स्मॉल जी जसाच्या तसा काढलेला, वर एक गोल, खाली एक गोल, वरच्याला बारीक कान, एकेका जीला मिनिटभर. "अरे, तुम्ही लोक हे रोज लिहिता?"

चूक माझीच. तो जी आणि तो डोक्यावर छत्री धरलेला ए हे छपाईचे आकार, हाताने तसं कोण लिहितं!

मग हस्ताक्षराचे फॉन्ट शोधले. डान्सिंग स्क्रिप्ट लग्नपत्रिकेवर झकास दिसेल पण शिकणाऱ्याला एक अक्षर कुठे संपलं आणि पुढचं कुठे सुरू झालं तेच कळत नाही. त्यामुळे माझं स्पष्ट मत, फॉन्ट देखणा आहे का ते नंतर बघा, आधी त्यातला स्मॉल ए आणि जी बघा, मग कॅपिटल आय, स्मॉल एल आणि एकचा आकडा शेजारी शेजारी टाइप करून बघा. सेंच्युरी गॉथिकचा ए मस्त गोल आणि काठीचा, पण आय आणि एल दोन्ही नुसत्या काठ्या. कॉमिक सॅन्सला जग हसतं, तरी त्याचा ए हाताने काढतो तसाच आहे आणि आयला वरखाली दांड्याही आहेत, हसा खुशाल. मी शेवटी अँडिका घेतला, एसआयएल या भाषांवर काम करणाऱ्या संस्थेचा, फुकट आहे आणि नव्याने वाचायला शिकणाऱ्यांसाठीच केलाय (अँडिका म्हणजे स्वाहिलीत 'लिही'). कर्सिव्हच हवं असेल तर गुगल फॉन्ट्सवर प्लेराइट आहे, त्यात भारतासाठीचा वेगळा आहे, पण ते नंतर, आधी सुटी अक्षरं.

आणि एक गोष्ट कुठलाच फॉन्ट सोडवत नाही. मराठी रेघेला लटकतं, इंग्रजी रेघेवर बसतं. आत्या दोन दिवस सगळी एबीसीडी वरच्या रेघेला टांगत होती, शेवटी चौरेघी वही आणली. वाय आणि पी खाली का उतरतात विचारलं तर म्हटलं उकार समज, तेव्हा पटलं.

आता ठिपक्यांचे कागद गिरवते, पण ठिपके सुरुवात कुठून ते सांगत नाहीत, ती ओ खालून सुरू करते. बाण काढलेला फुकट फॉन्ट कोणाकडे असेल तर द्या रे, लाल पेनने बाण काढून हात दुखला माझा.